टाकी दिसत नाही

टाकीबाईंना दगडाच्या काळजाची म्हणणाऱ्यांनी आधी माझं ऐकून घ्यावं, मग काय बोलायचं ते बोलावं. आणि ऐकून घ्यायचं नसेल तर माझ्या वर्कशॉपमध्ये चहाला यायचं बंद करावं. मला कुणाची भीडभाड नाही.

मी हेलिपॅडवरचा मेकॅनिक. हातात सदानकदा पाना असतो, म्हणून सगळे मला पानाच म्हणतात. टाकीबाई आमच्या हवामान निरीक्षक. नाव भारदस्त आहे, पण काम म्हटलं तर एका ओळीचं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहायचं, बाहेर बघायचं आणि किती लांबचं दिसतंय ते मीटरमध्ये लिहायचं. खिडकीशेजारी भिंतीवर तक्ता आहे. दोनशे मीटरवर फाटक, चारशेवर शाळेचं पत्र्याचं छप्पर (निदान आधी तक्ता तसं म्हणायचा), आठशेवर पाण्याची टाकी, दोन हजारांवर टेकडीवरचा टॉवर. टाकी दिसली तर हेलिकॉप्टर उडणार, नाही दिसली तर नाही. हिवाळ्यात खालून कुणी ना कुणी दर दहा मिनिटांनी ओरडायचं, "बाई, टाकी?" आणि वरून उत्तर यायचं, "नाही!" त्यातून हे नाव पडलं. त्यांना ते आवडत नाही, पण हाक मारली की ओ देतात.

आता तुम्ही म्हणाल, थोडं कमी-जास्त दिसलं तर काय बिघडलं? बिघडतं हो. पायलट लोक एका गोष्टीला पांढरा अंधार म्हणतात. खाली बर्फ, वर धुकं आणि मधे ते यंत्र. उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं खालचा भुसभुशीत बर्फ उसळतो तो वेगळाच. जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं काही कळत नाही. पायलटला वाटतं आपण जागच्या जागी आहोत, आणि यंत्र तिरकं सरकत असतं. धुकं गोठणारं असलं तर पात्यांवर बर्फाचा थर चढतो. त्यात आमच्या दरीत खाणीचं सामान नेणाऱ्या रोपवेची तार आडवी गेलेली. ती तार काय हॉर्न वाजवून सांगते, की बाजूला व्हा?

बाई इथे आल्या त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. नवरा शिवणकाम करायचा, तो लेक चार वर्षांची असताना गेला. त्यानंतर निरीक्षकाची परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास. मुलीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून ती शाळा सुटली की आमच्याकडे यायची. माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसून अभ्यास करायची. मला मूलबाळ नाही. तिनं पहिला पाढा मला म्हणून दाखवला, पहिला दात माझ्या वर्कशॉपमध्ये पडला. तर तिचं काय आणि माझं काय नातं, ते तुम्हीच समजून घ्या.

आणि बाईंचा स्वभाव? सरळ. नको तितका सरळ. एकदा त्यांना शंका आली, की शाळेचं छप्पर चारशेवर नाहीच. आमचे हेलिपॅडचे साहेब म्हणाले, "वीस वर्षं चारशेवर आहे, आज काय चालायला लागलं का?" बाईंनी रविवारी लांब टेप आणली, एक टोक मला धरायला लावलं आणि गुडघाभर बर्फातून मोजत नेलं. तीनशे साठ निघालं. सोमवारी तक्त्यावरचा चारशे खोडून तीनशे साठ करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण सही करावी लागली. तेव्हापासून साहेबांच्या मनात अढी आहे.

आता नऊ हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा आमचे जुने कॅप्टन होते. सकाळी बाईंनी लिहिलं, आठशे, टाकी दिसते. कॅप्टन गेले आणि परत येताना पॅडच्या अलीकडे बर्फात आडवे झाले. पाती तुटून शंभर हातांवर जाऊन पडली. मीच त्यांना ओढून बाहेर काढलं. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

चौकशीला आलेले अधिकारी भले होते. म्हणाले, धुकं अचानक आलं असं लिहून टाकू, यात दोष कुणाचाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तर बाई उठून उभ्या राहिल्या.

"धुकं अचानक आलेलं नव्हतं. सकाळपासून होतं. मी टाकी बघितलीच नव्हती."

"अहो पण तुम्ही लिहिलंय ना, दिसते म्हणून?"

"मला दिसली. शपथेवर सांगते, दिसली. पण आदल्या संध्याकाळी दुरुस्तीसाठी टाकीभोवती नळ्यांची परांची बांधली होती. ती मला दुपारी धुकं गेल्यावर दिसली. सकाळी टाकी दिसली असती तर परांची नसती का दिसली? टाकी कुठे आहे ते मला पाठ होतं, म्हणून मी तिथे ती बघितली."

मी मनात म्हटलं, बाई, हे हात दाखवून अवलक्षण कशासाठी? मिळाली, लेखी ताकीद मिळाली. पण त्यांचं खरं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ना, निरीक्षकाचं त्याहून वाईट. त्याला मनी वसे ते खिडकीत दिसतं. आणि गंमत बघा, नवख्या माणसाला ही चूक करताच येत नाही. त्याला टाकी कुठे आहे तेच माहीत नसतं. अकरा-अकरा वर्षं तेच बघणाऱ्यालाच ती करता येते.

त्यावर बाईंनी जो उपाय काढला, त्यावर सगळं गाव हसलं. घरातल्या चार चादरी घेतल्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी. टाकीच्या पहारेकऱ्याला नेऊन दिल्या. रोज सकाळी त्याच्या मनाला येईल ती एक त्यानं टाकीच्या कठड्यावर बांधायची आणि कुणाला सांगायचं नाही. बाईंनी खिडकीतून रंग ओळखायचा, मग त्याला फोन करून विचारायचं. रंग बरोबर आला तर टाकी दिसली. नाही तर नाही.

साहेबांनी लेखी विचारलं, सरकारी टाकीवर घरच्या चादरी वाळत घालण्याचं कारण काय? नियमात आकार दिसला पाहिजे एवढंच आहे, रंगाचा उल्लेख नाही. बाईंनी लेखी उत्तर दिलं, "आकार मनातूनही काढता येतो. रंग पहारेकरी ठरवतो. चादरी माझ्या आहेत, डोळे खात्याचे आहेत, दोन्हींची जबाबदारी मी घेते." ते पत्र मी वाचलंय. चादरी बंद करा असा आदेश दोनदा आला, दोन्ही वेळा बाईंनी तो फाइलला लावला आणि चादरी चालू ठेवल्या. सात चादरी फाटल्या आतापर्यंत. नऊ वर्षांत यंत्राला ओरखडा नाही. पण त्याचं कौतुक कोण करणार? काही झालं नाही याची बातमी होत नाही.

आता यंदाचं ऐका.

लेकीचं लग्न होऊन ती वर खाणीच्या वसाहतीत राहायला गेली होती. जावई तिथेच सर्वेक्षक. तिला आठवा महिना होता. तीन दिवस बर्फ पडून रस्ता बंद झालेला, बर्फ काढायचं मशीन अजून अर्ध्या वाटेवर. सकाळी साडेनऊला वसाहतीतून फोन आला. मुलीला रक्तस्राव सुरू झालाय, इथल्या नर्सच्या हाताबाहेरची गोष्ट आहे, हेलिकॉप्टर पाठवा. हेलिकॉप्टरनं पंधरा मिनिटांचं अंतर. आणि खिडकीबाहेर धुकं, हे एवढं दाट.

मी धावत जिना चढून वर गेलो. आमच्या आताच्या कॅप्टन हातमोजे चढवून तयारच उभ्या होत्या. हुशार बाई, घाबरणाऱ्यांतली नाही.

"बाई, वर वसाहतीत लख्ख ऊन आहे म्हणतात," कॅप्टन म्हणाल्या. "मी सरळ वर काढीन, धुक्याच्या वर गेले की प्रश्न मिटला."

"आणि येताना?" बाई खिडकीतून मान न वळवता म्हणाल्या. "पोटुशी बाई घेऊन कुठे उतरशील? दवाखाना इथेच खाली आहे, या धुक्यात."

कॅप्टननी एक हातमोजा काढला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं. तुम्ही आठशे म्हणा, मी निघाले. तुम्ही नाही म्हणालात तर मी इंजिनला हात लावणार नाही."

म्हणजे सगळं बाईंवर आलं. तेवढ्यात साहेब आले. साहेबांना मी एरवी शिव्या देतो, पण त्या दिवशी त्यांचाही जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बाई, अहो तुमची मुलगी आहे ती! लिहा आठशे. मी खाली सही करतो. काही झालं तर माझ्यावर."

"काही झालं तर तुमच्यावर येईल कागद, साहेब. हेलिकॉप्टरमधल्यांवर रोपवेची तार येईल," बाई म्हणाल्या आणि नोंदवहीत लिहिलं, पाचशे.

माझं डोकंच फिरलं. मी खिडकीशी गेलो. आणि मला टाकी दिसली! धुक्यात राखाडी, पण दिसली. वीस वर्षांत मी त्या बाईंना कधी अगंतुगं केलं नव्हतं, त्या दिवशी केलं.

"अगं आंधळी आहेस का तू? ती बघ टाकी! चादर पण दिसतेय मला! पोरीचा जीव चाललाय आणि तुला तुझी नोंदवही प्यारी?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"कुठली चादर, पाना?"

"लाल!"

त्यांनी टाकीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी पहारेकऱ्याला विचारलं, "आज कुठली लावलीस रे?"

"हिरवी," तो म्हणाला. "का?"

मी खाली बसलो. स्टूलसुद्धा बघितलं नाही, फरशीवर बसलो. कुठली निघाली ते बाईंनी विचारलं नाही, त्यांना रंग स्वतःच ओळखायचा होता. लाल का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. पण मी खोटं बोलत नव्हतो हो. मला लाल दिसली होती.

मग बाईंनी जे केलं ते बघायला काळीज लागतं. मेल्यांनो, तुमच्यापैकी कुणाला जमलं असतं ते सांगा. वसाहतीचा फोन त्यांनी स्वतः लावला. खराब हवामान, वरून परवानगी नाही, असली शब्दांची पळवाट काढली नाही.

"जावईबापू, हेलिकॉप्टर आत्ता येत नाही. मीच नाही म्हणालेय. धुकं हललं की त्या मिनिटाला पाठवते. तिला फोन द्या."

पलीकडून पोरीचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. "आई, लवकर पाठव ना गं."

"दिसत नाहीये बाळा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तिथे एकदाच फुटला.

त्यानंतर चार तास. दुसऱ्या फोनवर त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पकडलं आणि वरच्या नर्सशी जोडून दिलं. पाय उंच ठेवा, गरम ठेवा, हे द्या, ते देऊ नका, असं चालू राहिलं. बर्फ काढणाऱ्यांना सांगून दुसरं मशीन खालच्या बाजूनं लावलं. दर दहा मिनिटांनी खिडकी. पाचशे. चारशे. तीनशे साठ. पुन्हा पाचशे. मी चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. साहेब येरझाऱ्या घालत होते. कॅप्टन पात्यांवरचा बर्फ काढायला माझ्याबरोबर खाली आल्या, बोटं बधिर होईपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो. जावयाचा दर अर्ध्या तासाला फोन. शेवटी शेवटी तो बोलत नव्हता, ओरडत होता. बाई ऐकून घेत होत्या. एकदाही फोन आपटला नाही, एकदाही दुसऱ्याला दिला नाही.

दुपारी दोनला वीस मिनिटं कमी असताना वरून आरोळी आली. "हिरवी! पाना, हिरवी! जा, जा, जा!"

चाळीस मिनिटांत कॅप्टन परत आल्या. मी स्ट्रेचर धरलं. पोर पांढरीफटक पडली होती, पण माझं बोट तिनं पकडलं. पोर वाचली. बाळ वाचलं नाही.

मग काय, सगळ्यांना तोंडं फुटली. दहा वाजता गेले असते तर बाळ जगलं असतं. आई आहे की कोण? स्वतःच्या लेकीलासुद्धा सोडलं नाही. बाई दुकानात गेल्या की बायका बाजूला सरकायच्या. एकानं तर माझ्यासमोर म्हटलं, "दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकत बसली, आणि नातवंड घालवलं." मी त्याची कॉलर धरली. शोभलं नाही मला या वयात, पण धरली, आणि पुन्हा म्हणाल तर पुन्हा धरीन.

बाईंना मी विचारलं होतं, दहा वाजता गेलं असतं तर काय झालं असतं? मला वाटलं म्हणतील, चौघं मेली असती. असं म्हणाल्या असत्या तर मलाही बरं वाटलं असतं. पण ती बाई तेवढंसुद्धा खोटं बोलायला तयार नाही.

"कदाचित नीट गेले असते आणि नीट आले असते," त्या म्हणाल्या. "बाळ वाचलं असतं. मला ते कधीच कळणार नाही, पाना. मला दिसत नव्हतं, एवढंच मला माहीत आहे." आणि मग पदर तोंडावर दाबून अशा रडल्या, की मी दार लावून बाहेर जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी त्यांनीच दार उघडलं, तोंड धुतलेलं, आणि नोंद घ्यायला खिडकीशी गेल्या.

आठवड्यानं साहेबांनी तक्रारीचा कागद तयार केला. नियमाबाहेरची पद्धत वापरून रुग्णाला मदत नाकारली, निरीक्षकाला या कामावरून हटवावं. त्या दिवशीचा साहेबांचा कळवळा खरा होता, आणि ही जुनी अढीसुद्धा खरी होती. माणसात दोन्ही मावतात. कागदावर रुग्णाची सही लागत होती. जावई तो घेऊन दवाखान्यात आला तेव्हा मी तिथे बसलो होतो, संत्री सोलत.

पोरीनं कागद दोनदा वाचला. मग मला विचारलं, "काका, खरं सांगा. टाकी दिसत होती?"

आता बघा माझी पंचाईत. दिसत नव्हती म्हणालो असतो तर आईची बाजू सावरली असती. पण ज्या बाईनं चौकशीत स्वतःविरुद्ध साक्ष दिली, तिच्या लेकीशी मी खोटं कुठल्या तोंडानं बोलू?

"मला दिसत होती," मी म्हणालो. "चादरसुद्धा दिसत होती, लाल. ती हिरवी होती."

जावई म्हणाला, "म्हणजे आकार दिसत होता ना? नियमात तेवढंच..." पोरीनं हात वर करून त्याला थांबवलं. मग तिनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली.

"मी तिच्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली. "कधीपर्यंत ते मला माहीत नाही. माझं बाळ गेलंय, मला तेवढा हक्क आहे. पण सही करणार नाही. साहेबांना सांग, माझ्या दुःखावर त्यांनी आपली पोळी भाजायची नाही."

आणि खरंच बोलली नाही. बाई रोज डबा घेऊन यायच्या, खाटेशेजारी तासभर बसायच्या, रिकामा डबा घेऊन जायच्या. मायलेकींत एक शब्द नाही. मी बाईंना म्हटलं, तुम्ही तरी आधी बोला. त्या म्हणाल्या, "ती बरोबर आहे. मी पण बरोबर आहे. बोलायचं काय?"

तीन आठवड्यांनी तिला घरी सोडलं. रस्ता अजून धड झाला नव्हता, म्हणून हेलिकॉप्टरनंच वर जायचं होतं. सकाळी विरळ धुकं होतं. माझ्या डोळ्यांना विचाराल तर टाकी आहे की नाही, मी पैज लावली नसती. जावई आत चढून बसला. कॅप्टननी अंगठा दाखवला. पोरीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थिजली.

"चल ना," जावई आतून म्हणाला. "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय."

ती हलली नाही. "काका, आज वर पाळी कुणाची आहे?"

"आईची."

"किती लिहिलंय तिनं?"

"आठशे."

तिनं वर आईच्या खिडकीकडे बघितलं नाही. आत चढली, पट्टा लावला, ओढून घट्ट केला.

"मग लावा दार," ती म्हणाली.